कोकणची ग्रुप टूर आई-बाबांना झेपेल का, हे कसं ठरवायचं?

प्रश्न थोडक्यात असा: आई ७१ वर्षांची, उजवा गुडघा बदलून दोन वर्षं झाली. बाबा ७६, अँजिओप्लास्टी झालेली, मधुमेह आहे, पण रोज सकाळी पाऊण तास चालतात. पुण्याहून बसने सहा दिवसांची कोकण सहल आहे: दिवेआगर, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे, मालवण. पत्रकावर 'सहज झेपणारी, सर्व वयोगटांसाठी' असं छापलंय. डॉक्टर म्हणतात प्रवासाला हरकत नाही. मुलगा-सून सोबत जाऊ शकत नाहीत. पाठवावं का?

पत्रकातल्या त्या ओळीवर काही ठरवू नका. ती लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असतो असं नाही. कोकणात गड चढायचा नाही, समुद्रकिनारे आणि देवळंच तर बघायची आहेत, म्हणजे सहल सोपी, असा त्याचा सरळ हिशोब असतो. वयावरूनही ठरवू नका. मी रत्नागिरीची, ज्येष्ठ मंडळींच्या सहली नेणं हेच माझं काम. ऐंशी ओलांडलेल्या आजींना मालवणच्या होडीत माझ्या आधी चढून बसलेलं पाहिलंय आणि जेमतेम साठीच्या बाईंना तिसऱ्या दिवशी खोलीतून बाहेर पडवेना, हेही पाहिलंय.

दिवसभरात एकूण किती चालायचंय यानं कोकणची सहल जड होत नाही. ती जड होते मोजक्या जागांवर. हलणाऱ्या होडीतून धक्क्यावर पाय टाकायचा ती जागा, कठडा नसलेल्या चिऱ्याच्या उंच पायऱ्या, भर दुपारी तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालायचं ते अंतर, आणि रात्री अंधारात न्हाणीघराचा ओला उंबरठा. म्हणून आयोजकाला 'सहल सोपी आहे ना?' असं विचारूच नका. त्याचं उत्तर 'हो' असंच येणार. रोजच्या रोज सगळ्यात अवघड जागा कोणती, तिथे अर्ध्यातून परत फिरता येतं का आणि जायचंच नसेल तर माणूस तेवढा वेळ कुठे बसेल, एवढं विचारा. तिसऱ्या प्रश्नाला जो आयोजक न अडखळता उत्तर देतो, 'समोर सावलीत बाकडं आहे, शेजारी स्वच्छतागृह आहे, आमचा माणूस तिथे थांबतो' असं सांगतो, त्याने ती जागा म्हाताऱ्या माणसांना घेऊन पाहिलेली असते.

तुमच्या सहलीतल्या जागा एकेक घेऊन बघू.

हरिहरेश्वरला देवदर्शन सुखाचं आहे. अवघड आहे ती प्रदक्षिणा. डोंगराच्या चिरेतून पायऱ्या थेट समुद्राकडे उतरतात, दोन्ही बाजूंना कातळ. पायऱ्या संपल्या की लाटांनी कोरलेल्या खडकावरून डोंगराला वळसा घालून यायचं. हा खडक कुठे सपाट, कुठे खळग्यांचा, खळग्यांत पाणी आणि कडेला शेवाळ. भरतीच्या वेळी ही वाट बंद ठेवतात, कारण लाटेने माणसं ओढून नेल्याच्या दुर्घटना तिथे घडल्या आहेत. ओहोटीला, धडधाकट माणसाला ती फार सुंदर आहे. पण आईंच्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जास्त जड जाणार, आणि खाली गेल्यावर परत फिरायचं ठरवलं तर तेच सगळं चढून यावं लागणार. त्यांनी देवळात बसावं. बाबांचं चालणं चांगलं आहे, पण त्यांच्यासाठी मला वेगळी काळजी वाटते. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतात आणि किनाऱ्यावरच्या अशा खडकांना कालवं चिकटलेली असतात. कालवाची धार ब्लेडसारखी कापते. तोल जाऊन नुसता हात टेकला तरी तळवा फाटतो आणि रक्त लवकर थांबत नाही. तेव्हा मागे पट्टा असलेले, तळ न घसरणारे सँडल पायात असतील आणि सोबत कुणी तरी असेल तरच त्यांनी जावं.

हेदवीची बामणघळ त्याच जातीची. गुहागरच्या मुक्कामात ती बहुतेक दाखवतातच. घळीत लाट शिरून पाणी कारंज्यासारखं उसळतं, ते भरतीला बघायचं असतं, म्हणजे नेमके खडक ओले असतानाच. हेदवीच्या दशभुज गणपतीचं दर्शन घ्यावं आणि घळ लांबून बघावी. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती मात्र नावाला घाबरून सोडू नका. गाडीरस्ता वर देवळापर्यंत जातो. फक्त बस वरपर्यंत नेतात की खाली उभी करून जुन्या पायऱ्यांनी चढवतात, हे विचारून ठेवा.

गणपतीपुळ्याला बहुतेकांची गल्लत होते. देऊळ समुद्राला लागून सपाटीवर, त्यामुळे सोपं वाटतं. पण इथे गणपती म्हणजे अख्खा डोंगर, आणि प्रदक्षिणा त्या डोंगराला घालायची, साधारण एक किलोमीटरची. वाट बांधलेली आहे, थोडा चढ, थोडा उतार. बाबांसारख्या रोज चालणाऱ्याला अंतर म्हणून ती काहीच नाही. पण मधुमेहात तळपायाची जाणीव कमी झालेली असू शकते. फेब्रुवारीतसुद्धा दुपारी बारा-एकला तिथली फरशी भाजते. इतरांना चटका बसतो, ते पळत सावलीत जातात. ज्याला चटका कळतच नाही तो शांतपणे चालत राहतो आणि रात्री मोजे काढल्यावर फोड दिसतात. अशा माणसांना मी जाड सुती मोजे घालूनच प्रदक्षिणेला पाठवते, तेही सकाळी सातच्या आत. सहलीतल्या वेळापत्रकात गणपतीपुळ्याचं दर्शन दुपारी असेल तर प्रदक्षिणा दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवता येते का ते विचारा. मुक्काम तिथेच असेल तर काहीच अडचण नाही. आणि सहाही दिवस झोपण्याआधी बाबांचे तळपाय आईंनी दिव्याखाली नीट बघायचे, हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा.

पुळणीवरचं चालणं लोक जमेतच धरत नाहीत. कोरड्या, पाय रुतणाऱ्या वाळूत चालायला कठीण जमिनीपेक्षा जवळपास दुप्पट जोर लागतो. बस थांबते सुरूच्या बनाशी, आणि तिथून पाण्यापर्यंतचा पहिला पट्टा नेमका या वाळूचा. तो ओलांडला की ओहोटीची ओली, घट्ट पुळण लागते. ती गुडघ्यांना डांबरी रस्त्यापेक्षाही बरी. आईंना सांगा की एवढा पट्टा काठी घेऊन, सावकाश पार करायचा, मग खुशाल फिरायचं. दापोलीकडे डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होड्या किनाऱ्यावरूनच सुटतात. गुडघाभर पाण्यात उभं राहून, लाट येत असताना, होडीच्या काठावरून पाय आत टाकायचा. बदललेल्या गुडघ्याने हे करू नये. इथे मी कुणाचीही भीड धरत नाही, सरळ नाही म्हणते.

आता मालवण. माणसं जन्मभर सिंधुदुर्ग बघायची इच्छा धरून असतात आणि नुसती पायरी बघून ती सोडायला लावणं मला जिवावर येतं, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

किल्ला १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर बांधला गेला. मालवणच्या धक्क्यावरून होडीने फार वेळ लागत नाही. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे. तिथपर्यंतची वाट बरीचशी सपाट आहे, बाबांना आणि आईंनाही जमेल. तटावर जाणाऱ्या पायऱ्या मात्र उंच, अरुंद आणि बिनकठड्याच्या. त्या सोडाव्यात, किल्ला खालूनही मनसोक्त बघता येतो. खरी कसोटी होडीत चढण्या-उतरण्याची. धक्क्याच्या खालच्या पायऱ्या भरतीत पाण्याखाली जातात, त्यामुळे त्यांच्यावर शेवाळ धरतं. ओहोटी लागली की होडी खाली जाते आणि नेमकी त्याच पायऱ्यांवरून उतरायची वेळ येते. होडी वरखाली होत असते. ती वर येऊन क्षणभर स्थिरावते तेव्हा पाय टाकायचा, खाली जात असताना कधीही नाही. खलाशाने बोटं धरली तर ती सुटतात. त्याने आपलं मनगट आणि आपण त्याचं मनगट धरायचं. आधी लाइफ जॅकेट घालायचं, पर्स आणि काठी दुसऱ्याकडे द्यायची, आणि गर्दीतल्या मागच्या माणसाने 'चला चला' केलं तरी आपल्या पायाने ठरवायचं. मी खलाशांना आधीच सांगून ज्येष्ठांना सगळ्यात शेवटी चढवते आणि सगळ्यात शेवटी उतरवते, म्हणजे मागून रेटा नसतो.

यातलं पुष्कळसं वेळेवर अवलंबून आहे, आणि वेळ पंचांगात बघून कळते. आमच्याकडे किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असलेला हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. दिवसात दोन भरत्या, म्हणजे चतुर्थीला पहाटे तीन आणि दुपारी तीन. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास उधाणाची भरती असते. सहल त्या दिवशी दुपारी हरिहरेश्वरला पोचणार असेल तर प्रदक्षिणा होणारच नाही, पत्रकात काहीही छापलेलं असो. उलट अष्टमीच्या आगेमागे भांगाचे दिवस. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही, धक्क्यावरच्या पायऱ्यांचा आणि होडीचा मेळ बरा बसतो. आयोजकाच्या निघण्याच्या चार-पाच तारखा असतील तर कॅलेंडर उघडा आणि मालवणचा दिवस षष्ठी ते दशमीच्या मध्ये येईल अशी तारीख निवडा. तेवढ्याने अवघड पायरी अर्धी सोपी होते, खर्च काही नाही. शिवाय किल्ला सकाळीच करायचा. सकाळी मतलई वारा असतो, समुद्र बहुतेक शांत असतो, आणि दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की होडी नाचायला लागते. सिंधुदुर्ग दुपारी चारला ठेवला असेल तर ते मला मुळीच पसंत नाही.

आईंनी जायचं की नाही, याचा निर्णय त्यांनी धक्क्यावर उभं राहून घ्यावा, पुण्यात नाही. दोन होड्या सुटताना बघाव्यात. नको वाटलं तर धक्क्यावरूनही किल्ला पूर्ण दिसतो. गावात जय गणेश मंदिर आहे, किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे, जिथे किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा झाली असं मानतात. रिक्षाने तासाभरात दोन्ही होतं. हा पर्याय आयोजकाने आधीच तयार ठेवला आहे की आईंना बसमध्ये बसवून ठेवणार, ते विचारा. पावसाळ्यात होड्या बंदच असतात, त्यामुळे जून ते सप्टेंबरमधल्या स्वस्त सहलीचा मोह धरू नका.

बसबद्दल. लोक बसला विश्रांती समजतात. मोठ्या बसची पहिली पायरी जमिनीपासून चांगली फूटभर, कधी त्याहून वर असते. देवळं, चहा, स्वच्छतागृह, जेवण, किनारा असं धरलं तर दिवसाकाठी दहा-बारा वेळा चढ-उतार होते. गुडघे संध्याकाळी त्यानेच बोलायला लागतात. आमच्या गाडीत क्लीनरजवळ एक लाकडी स्टूल असतं, खाली रबर मारलेलं, प्रत्येक थांब्यावर तो आधी उतरून ते दाराशी ठेवतो. तुमच्या बसमध्ये असं काही आहे का विचारा. नसेल तर आग्रह धरा, ही काही मोठी मागणी नाही. आसन पुढच्या दोन-चार रांगांतलं घ्या, चाकावरचं नको. ताम्हिणी उतरताना आणि परतीला गगनबावड्याने चढताना मागे बसलेल्यांचे हाल होतात.

तुमच्या मार्गावर तीन वेळा खाडी ओलांडायची आहे: बाणकोटच्या खाडीवर बागमांडला-वेश्वी, मग दाभोळ-धोपावे, मग तवसाळ-जयगड. फेरीबोट म्हणजे सुखच, रस्त्याचे कितीतरी तास वाचतात. पण बस चढवताना बरेचदा प्रवाशांना खाली उतरवतात आणि लोखंडी रॅम्पवरून चालत जावं लागतं. रॅम्प ओला असतो, ओहोटीला त्याचा उतार वाढतो. आईंनी तिथे कुणाचा तरी हात धरावा, आणि वरच्या मजल्यावर जायच्या उभ्या जिन्याचा नाद सोडावा. वारा खालीही तितकाच लागतो.

किलोमीटर बघू नका, तास बघा. पुणे ते दिवेआगर १६०-१७० किलोमीटर, कागदावर काहीच नाही, पण घाट आणि थांबे धरून बसला पाच तास लागतात. गणपतीपुळ्याहून मालवणला जाण्यात अख्खा अर्धा दिवस जातो. महामार्गावर काम चालू असेल तर त्याहून जास्त. एका बैठकीत दोन तासांपेक्षा जास्त बसणं या वयात बरं नाही. पाय सुजतात, आणि हृदयरोगी माणसाने तर ठरावीक वेळाने उठून दहा पावलं टाकलीच पाहिजेत. सहा दिवसांत पाच गावी मुक्काम असेल तर रोज सकाळी सामान आवरणं, रोज नवी खोली, नवा जिना, नवी न्हाणी. माझ्या मते ज्येष्ठांना बघण्याच्या ठिकाणांपेक्षा हेच जास्त दमवतं. एका गावी दोन रात्री अशी रचना असलेली सहल दोन ठिकाणं कमी दाखवत असली तरी घ्यावी.

राहण्याच्या जागेबद्दल विचारायचं ते एवढंच: खोली तळमजल्यावर, कमोड, आणि कमोडशेजारी हाताला धरायला काही तरी. घरगुती निवासांत जेवण उत्तम मिळतं, माणसं जीव लावतात, पण वरच्या खोल्यांचे जिने उभे आणि न्हाणीघरं घसरडी असू शकतात. बदललेल्या गुडघ्याला उकिडवं बसणं बहुतेक डॉक्टर वर्ज्य सांगतात, त्यामुळे कमोड मुक्कामी असून भागत नाही, वाटेतल्या थांब्यांवरही हवा. वाटेवर कुठल्या हॉटेलात थांबता आणि तिथे कमोड आहे का, हे मी आयोजकाला नावानिशी विचारीन. न्हाणीत प्लास्टिकची खुर्ची मागून घ्यावी, सगळे देतात. बॅटरी उशाशी ठेवावी, कारण आमच्याकडे वीज जाते.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात तळमळीने सांगावंसं वाटतं ते. म्हातारी माणसं आपल्याला त्रास होतोय हे सांगत नाहीत. घरी सांगतील, ग्रुपमध्ये नाही. 'माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको' हे वाक्य मी प्रत्येक सहलीत ऐकते. त्यासाठी ती पाणी पिणं बंद करतात, म्हणजे लघवीला थांबायला लागू नये. ब्लड प्रेशरची गोळी लघवी वाढवणारी असेल तर प्रवासाच्या दिवशी तीच टाळतात. कोकणातला दमटपणा असा की घाम वाळत नाही, अंग निवत नाही, आणि वय झालं की तहानही कमी लागते. मग दुपारी कुठल्या तरी देवळाच्या पायरीवर चक्कर येते आणि सगळे म्हणतात ऊन लागलं. संध्याकाळी बस रिकामी झाली की मी एकदा मागपर्यंत चालत जाते आणि पुढच्या आसनाच्या जाळीत खोचलेल्या पाण्याच्या बाटल्या बघते. सकाळी दिलेली बाटली जिथे गळ्यापर्यंत भरलेली असते, त्या माणसाशी रात्री जेवताना शेजारी बसून बोलते. बहुधा खरं दुखणं निराळंच निघतं: गुडघा, नाही तर कालच्या मुक्कामातली न्हाणी, नाही तर गोळ्या संपलेल्या. साताऱ्याच्या एक निवृत्त शिक्षिका दोन दिवस हसतखेळत चालल्या आणि तिसऱ्या रात्री बाटलीवरून विचारलं तेव्हा त्यांनी पाऊल दाखवलं. घोटा चपलेच्या पट्ट्यावरून बाहेर आला होता. दुसऱ्या दिवशी त्या पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरात सगळा वेळ बसून राहिल्या. संध्याकाळी सूज उतरली आणि पुढची सहल त्यांनी पूर्ण केली. एक दिवस वेळेवर बसल्या म्हणून.

म्हणून आयोजकाला विचारा की चालताना ग्रुपच्या शेवटी तुमचा कोण असतो. पुढे झेंडा घेऊन चालणारा सगळ्यांकडे असतो. मागे राहणाऱ्याबरोबर, त्याच्याच चालीने चालणारा माणूस असेल तर सहल ज्येष्ठांची. ग्रुपमधल्या बाकीच्यांची वयं साधारण काय, हेही विचारा. तिशी-चाळिशीतल्या कुटुंबांत दोनच आजी-आजोबा असले की त्यांची धावपळ होते, मार्ग कितीही सोपा असो. वीस जण पासष्टीचे असतील तर तीच सहल आपोआप सावकाश चालते.

डॉक्टरांना विचारलंत ते चांगलं केलंत, पण 'प्रवास करू का?' या प्रश्नाचं उत्तर तेवढंच येणार. कार्यक्रमाचा कागद घेऊन पुन्हा जा. बाबांना दमट उन्हात पन्नास-साठ पायऱ्या एका दमात चढल्या तर चालतील का, जेवण दोन-अडीचपर्यंत लांबलं तर साखरेच्या गोळीचं काय करायचं, लघवीची गोळी असेल तर तिची वेळ संध्याकाळवर नेता येईल का, आणि आईंना एका पायावर भार देऊन फूटभर उंच पाऊल टाकायला परवानगी आहे का, असं विचारा. जिभेखाली ठेवायची गोळी दिलेली असेल तर ती खिशात हवी, डिकीतल्या बॅगेत नाही. बाबांच्या जवळ राजगिऱ्याचा लाडू, खजूर असं काही कायम असावं.

घरच्या घरी तपासायचं असेल तर पर्वतीवर न्या. शंभराच्या वर पायऱ्या आहेत, रुंद आहेत, मध्ये थांबता येतं. सकाळी, त्यांच्या चालीने, जमेल तिथपर्यंत. चढताना बाबा वाक्य न तोडता बोलू शकतात का ते ऐका. उतरताना आईंचे पाय बघा: एकेक पायरी सरळ उतरतात, की प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय एकत्र आणतात, की आडव्या होतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तासभर चालायला न्या. पहिला दिवस सगळेच उत्साहाने काढतात, सहलीत कसोटी लागते ती तिसऱ्या दिवशी. खुर्चीतून हात न टेकता उठता येत असेल तर बसची पायरी आणि कमोड दोन्ही जमतील. बाबांचा चष्मा दूर-जवळ एकत्र असलेला असेल तर उतरताना खालची पायरी पुसट दिसते. मान वाकवून बघायची सवय आत्तापासून लावा.

'वेळ मिळाल्यास' म्हणून छापलेली ठिकाणंही वाचा. त्यांत मार्लेश्वर असेल तर सावध व्हा. गुहेतल्या त्या शंकराला जायला पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. रायगड असेल तर रोपवे आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. रोपवेने माथ्यावर पोचल्यावर जगदीश्वरापर्यंत उन्हातून बरंच चालायचं असतं.

दुर्दैवाने काही झालंच तर कुठे न्यायचं, हे आयोजकाला मुक्कामागणिक माहीत असलं पाहिजे. १०८ ला फोन करणं सगळ्यांना येतं. पण गुहागरच्या बाजूला असताना चिपळूणजवळचं डेरवणचं रुग्णालय, रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय, मालवणला असताना ओरोसचं जिल्हा रुग्णालय आणि गंभीर असेल तर थेट गोव्यात बांबोळी, असं जो पटकन सांगेल त्याच्या हाती मी माझी माणसं देईन. दिवेआगर आणि दापोलीच्या किनाऱ्यावर असताना मोठं रुग्णालय लांब पडतं, म्हणून तिथल्या दिवसांत हौसेचं साहस नको.

तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून माझं मत असं: बाबांना ही सहल झेपेल. आईंनाही झेपेल, पण हरिहरेश्वरची प्रदक्षिणा, बामणघळ आणि डॉल्फिनची होडी वगळून, आणि सिंधुदुर्ग सकाळी, भांगाच्या दिवसांत, त्यांची तयारी असेल तर. मात्र त्या तीन वेळांना आईंच्या सोबत कोण थांबणार याचं उत्तर आयोजकाकडून मिळालं पाहिजे. बाबांनी प्रत्येक वेळी मागे राहायचं असं ठरवू नका. ते राहतील, पण मन खट्टू होईल, आणि आईंना त्याचंच ओझं वाटेल. शेवटी चालणारा माणूस नाही, खोली वरच्या मजल्यावर, मुक्काम पाच, असं ऐकू आलं तर पैसे भरू नका.

त्याऐवजी दोघांना रेल्वेने रत्नागिरीला पाठवा. तीन रात्री गणपतीपुळे, तीन रात्री मालवण-तारकर्ली, मधला प्रवास गाडी ठरवून, वाटेत कुणकेश्वरला थांबत. पावस, थिबा पॅलेस, लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान, तारकर्लीची पुळण, सगळं त्यांच्या चालीने होतं. ग्रुपची गंमत नाही, हे खरं, म्हणून ओळखीचं आणखी एखादं जोडपं सोबत असेल तर बघा. गाडी फलाटावर फार वेळ थांबत नाही, तेव्हा सामान दोन हलक्या बॅगांत हवं आणि उतरायच्या दहा मिनिटं आधी दोघांनी दाराशी यायला हवं. रत्नागिरीला हमाल मिळतो, पण डब्याचा क्रमांक गाडी ठरवणाऱ्याला आदल्या दिवशी कळवून ठेवा, म्हणजे ड्रायव्हरच फलाटावर येऊन उभा राहील. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि अंगारकी टाळा, रांगेत दोन-दोन तास उभं राहावं लागतं. जानेवारीत, आठवड्याच्या मधल्या दिवशी निघाले तर हवा सुखाची असेल आणि देऊळ मोकळं मिळेल.